मुलांच्या मध्यकर्णाच्या इन्फेक्शनवर रिसर्च हेच करिअर करायचं म्हणतोय, या वाटेने गेलेलं कोणी आहे का इथे?

शेवटचंवर्ष_पेड

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

बालरोगात पीजीचं शेवटचं वर्ष चालू आहे. थिसिस दोन वर्षांखालच्या मुलांमधल्या ॲक्यूट ओटायटिस मीडियावर, म्हणजे मध्यकर्णाच्या अचानक होणाऱ्या इन्फेक्शनवर. विषय मी मागितला नव्हता, गाईडने दिला, आणि खरं सांगायचं तर तेव्हा एवढंच वाटलं होतं की केसेस भरपूर मिळतील आणि वेळेत सुटका होईल. झालं उलटंच, विषय डोक्यात जाऊन बसला तो आता निघेना.

कारण सांगतो. ठरलं असं होतं की प्रत्येक मुलाचा कान मी बघायचा आणि माझ्या को-रेसिडेंटनेही बघायचा, एकमेकांना न सांगता, आणि दोघांनी आपापल्या कागदावर लिहायचं. महिन्याभराने कागद शेजारी शेजारी ठेवले तर कितीतरी मुलांमध्ये आमचं जुळतच नव्हतं. तोच कान, पाच मिनिटांचं अंतर, तो लिहितोय इन्फेक्शन आणि मी लिहितोय नुसती लाली, रडून रडून आलेली. म्हणजे एकाने त्या बाळाला अँटिबायोटिक दिलं असतं आणि दुसऱ्याने दिलं नसतं. त्या रात्री मला धड झोप लागली नाही, कारण मग आजपर्यंत मी ओपीडीत जे काही लिहून दिलं त्याचं काय?

तेव्हापासून वाचतोय आणि वाटतंय की हेच करावं. पण एका सिनियरना सांगितलं तर ते म्हणाले, अमॉक्सिसिलिन लिही आणि घरी पाठव, यात काय करिअर करणार. बॅचमधले बाकीचे एनआयसीयू, कॅन्सर, हार्ट असल्या ठिकाणी चाललेत, जिथे खरोखर जीव वाचतात. म्हणून विचारतो.

यात शोधण्यासारखं अजून काही उरलंय का? रोजचं काम नक्की काय असतं? ईएनटीच असावं लागतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या आजारात बहुतेक मुलं आपोआप बरी होतात त्याला सगळं आयुष्य द्यावं का?

मध्यकर्ण_एकवीसवर्षं

अरे, ते दोन कागद जपून ठेव. तुझा थिसिस पुढे कोणी वाचेल न वाचेल, पण त्या कागदांत या सगळ्या क्षेत्राचा गाभा आलाय.

मी बालरोगवालीच, ईएनटी नाही, आणि गेली एकवीस वर्षं मुलांचे कान हेच काम करतेय, तेव्हा ईएनटीचा प्रश्न आधी निकालात काढते. हा विषय ज्यांनी उभा केला त्यातले एक व्हर्जिल हॉवी, अलाबामातल्या हंट्सव्हिलला प्रॅक्टिस करणारे साधे बालरोगतज्ज्ञ. पाठीशी मोठी लॅब वगैरे नाही, रोजची ओपीडी. त्यांनी आणि त्यांचे सहकारी प्लुसार्ड यांनी असं केलं की कान ठणकत आलेल्या मुलाच्या पडद्याला बारीक सुई लावून आतलं पाणी काढायचं, कल्चरला लावायचं, औषध सुरू करायचं आणि काही दिवसांनी पुन्हा सुई लावून बघायचं की जंतू खरंच गेले का. १९६९ मध्ये त्यांनी हे छापलं. आज आपण ज्याला डबल टॅप म्हणतो त्याची सुरुवात ती. सारखं सारखं कानाचं इन्फेक्शन होणारी मुलं हा एक वेगळाच गट आहे हेही त्यांनीच १९७५ मध्ये मांडलं, त्यांना आपण आज ओटायटिस-प्रोन म्हणतो.

दुसऱ्यांदा सुई का, तर हा आजार डॉक्टरला फसवतो. पोर तिसऱ्या दिवशी हसायला लागलं, ताप उतरला, आई खूश, आपण म्हणतो औषध लागू पडलं. पण बहुतेक मुलं औषध न देताही तिसऱ्या दिवशी हसायलाच लागतात, आणि कधी कधी कानात जंतू जिवंत असतानाही हसतात. म्हणजे अगदी कुचकामी औषधसुद्धा या आजारात छान दिसतं. १९९२ मध्ये मार्चंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडेमोड करून दाखवलं आणि त्याला पॉलीअना फिनॉमेनन असं नाव पडलं, पॉलीअना म्हणजे सगळ्यात चांगलंच बघणारी गोष्टीतली मुलगी. नुसती लक्षणं बघून दोन औषधांची तुलना करायची तर प्रचंड संख्येने मुलं लागतात, नाहीतर दोन्ही सारखीच दिसतात. तू म्हणतोस ना की बहुतेक मुलं आपोआप बरी होतात. रिसर्चसाठी तीच सगळ्यात कठीण गोष्ट आहे, कारण जो आजार स्वतःहून बरा होतो त्यात आपण काही चांगलं केलं का हे सिद्ध करणं महाकठीण.

आता रोजचं काम. पहिली दोन वर्षं मी काय केलं तर कान बघितले. ग्रोमेट, म्हणजे पाणी निघून जावं म्हणून कानाच्या पडद्यात घालायची बारीक ट्यूब, बसवायला मूल भुलीखाली टेबलवर आलं की सर्जनच्या आधी मी ओटोस्कोप (कानात बघायची दुर्बीण) घालायचा, फुग्याने हवा दाबून पडदा हलतो का बघायचं, रंग, फुगवटा, आरपार दिसतंय की धूसर, सगळं कागदावर लिहायचं आणि शेवटी पाणी आहे की नाही असं एक उत्तर द्यायचं. मग सर्जन पडद्याला चीर देतो, सक्शन लावतो, आणि मिनिटाभरात कळतं की मी बरोबर की चूक. पुढच्या टेबलवर पुन्हा. इतक्या लगेच आणि इतकं स्पष्ट उत्तर वैद्यकात फार थोड्या ठिकाणी मिळतं. सुरुवातीला मी खूप चुकायचे, आणि चुका बहुतेक एकाच प्रकारच्या, लाल दिसला की इन्फेक्शन. रडणाऱ्या मुलाचा पडदा लाल होतोच रे. तुमच्या दोन कागदांतली बरीचशी तफावत या लालीमुळेच असणार असं मला वाटतं. खरी खूण फुगवटा. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१३ च्या गाईडलाईनने फुगवट्याला निदानात मध्यभागी आणून बसवलं, आणि त्याच्या मागे पिट्सबर्गसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं असे कान बघून बघून डोळे तयार केलेली माणसं होती.

आणि मळ! कोणी सांगत नाही पण या करिअरचे कितीतरी तास दोन वर्षांच्या रडणाऱ्या मुलाच्या कानातला मळ, इजा न करता, काढण्यात जातात. पडदा पूर्ण दिसल्याशिवाय निदान लिहायचं नाही हा नियम मी एकवीस वर्षं पाळतेय.

बाकी मग एथिक्स कमिटी, पालकांना समजावून संमती घेणं, सर्दीच्या सीझनमध्ये शनिवार-रविवारीसुद्धा फोन, कारण कान शुक्रवारी रात्रीच दुखतो, फॉलोअपला न येणाऱ्यांच्या मागे लागणं, ग्रँट लिहिणं, ती नाकारली जाणं, परत लिहिणं. माझी एक ग्रँट लागोपाठ दोनदा परत आली आणि एका परीक्षकाने शेरा मारला होता की या आजाराने कोणी मरत नाही. तुझे सिनियर म्हणाले तेच. तेव्हा मला फार लागलं होतं, महिनाभर मी त्या फाईलला हात लावला नव्हता.

तुझा शेवटचा प्रश्न मुद्दाम मागे ठेवलाय. त्यासाठी तुला जॅक पॅराडाईज यांचं काम सांगायला हवं. १९९० च्या दशकात सगळीकडे पक्की समजूत होती की कानात महिनोन्‌महिने पाणी राहिलं तर मूल नीट ऐकत नाही, म्हणून भाषा मागे पडते, म्हणून लवकर ट्यूब बसवा. ऐकायला इतकं सरळ वाटतं की कोणी शंका घेणार नाही. आणि त्या भरवशावर लहान लहान मुलांना भूल देऊन ऑपरेशनं चालली होती. पॅराडाईज आणि त्यांच्या टीमने पिट्सबर्ग भागात ६,३५० बाळं दोन महिन्यांची व्हायच्या आत नोंदवली आणि तीन वर्षांची होईपर्यंत महिन्यातून निदान एकदा त्यांचे कान बघितले. तू एका थिसिसमध्ये किती कान बघितलेस ते आठव आणि मग हा आकडा बघ. त्यातल्या ज्या ४२९ मुलांच्या कानात पाणी ठाण मांडून बसलं होतं त्यांच्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली, अर्ध्यांना लगेच ट्यूब, बाकीच्यांना सहा ते नऊ महिने थांबून, तरीही पाणी असेल तर. २००१ मध्ये निकाल आला की तीन वर्षांच्या वयात बोलणं, भाषा, समज, वागणूक यांत फरक नाही. लोक म्हणाले अजून लहान आहेत, मोठी झाल्यावर दिसेल. ते थांबले. चार वर्षांना बघितलं, सहाला बघितलं, मुलं नऊ ते अकरा वर्षांची झाल्यावर पुन्हा बघितलं आणि २००७ मध्ये छापलं, तेव्हाही फरक नाही.

एका प्रश्नाला जवळजवळ दोन दशकं, आणि उत्तर काय तर एरवी निरोगी मुलांत थांबलं तरी चालतं. त्यांनी कुठलं नवीन औषध काढलं नाही की मशीन बनवलं नाही. पण त्यानंतर कितीतरी मुलं भुलीच्या टेबलवर गेलीच नाहीत, आणि त्यांच्या आईबापांना कधी कळणारही नाही की आपलं ऑपरेशन टळलं. एनआयसीयूत वाचलेलं मूल डोळ्यांना दिसतं. हे दिसत नाही. एवढं तुला चालणार असेल तर ये, मला तरी यापेक्षा समाधानाचं काम माहीत नाही.

बायोफिल्म_लॅब

मॅडमनी क्लिनिकची बाजू सांगितली, मी लॅबची सांगतो. मी डॉक्टर नाही, मायक्रोबायोलॉजीवाला, पण पगार याच आजारावर चालतो.

काही उरलंय का म्हणतोस तर आमच्याकडे सगळंच उरलंय. एक उदाहरण देतो. बराच काळ असं होतं की कानातलं जुनं चिकट पाणी कल्चरला लावलं की काही उगवायचंच नाही. मग लोक म्हणायचे जंतू गेलेत, ही नुसती सूज आहे. पुढे पीसीआर, म्हणजे जंतूंचा डीएनए ओळखणारी तपासणी, आलं तर त्याच पाण्यात जंतूंचा डीएनए सापडायला लागला. मग भांडण सुरू, मेलेल्यांचा आहे की जिवंतांचा. २००६ मध्ये हॉल-स्टूडली, अर्लिक वगैरेंच्या ग्रुपने ग्रोमेट बसवताना मुलांच्या मध्यकर्णाच्या अस्तराचे छोटे तुकडे घेतले आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली बघितले तर ५० पैकी ४६ तुकड्यांवर बायोफिल्म. म्हणजे जंतू अस्तराला चिकटून, स्वतःभोवती चिकट आवरण करून वस्ती करून बसलेले, तिथे अँटिबायोटिक नीट लागू पडत नाही आणि कल्चरच्या ताटलीवरही ते सहसा येत नाहीत. इतकी वर्षं आपण पाण्यात शोधत होतो आणि ते भिंतीवर होते. मी तेव्हा शिकत होतो, तो पेपर वाचून मी या विषयात आलो.

आधी हे सगळं चिंचिलावर दिसलं होतं. चिंचिला म्हणजे सशाएवढ्याहून लहान, दाट केसांचा प्राणी, त्याच्या मध्यकर्णाची पोकळी मोठी आणि वरचं हाड पातळ, त्यामुळे आत पोचता येतं, ऐकण्याची रेंज माणसाच्या जवळची आणि माणसाच्या मुलांना होणारे जंतू त्यालाही होतात. १९७० च्या दशकात मिनेसोटाच्या गिबिंक यांनी ते मॉडेल बसवलं आणि आजही चालतंय. यात येणार असशील तर प्राण्यांवर काम करायची मनाची तयारी करून ये, मला स्वतःला ते अजून जड जातं आणि जड जावंच असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट लसीची. न्यूमोकॉकस या कानाच्या इन्फेक्शनच्या एका मुख्य जंतूच्या सात प्रकारांवरची लस २००० मध्ये अमेरिकेत आली, सगळ्यांना वाटलं कानाचा प्रश्न आता संपला. फिनलंडमध्ये इस्कोला आणि टीमने १,६६२ बाळांवर ट्रायल केली, २००१ मध्ये निकाल आला. लसीतल्या सात प्रकारांमुळे होणारे एपिसोड ५७ टक्के कमी, झकास. पण लसीत नसलेले प्रकार ३३ टक्क्यांनी वाढले, आणि सगळ्या कारणांचे सगळे एपिसोड धरले तर घट फक्त ६ टक्के. एक भाडेकरू काढला तर दुसरा आत. त्यात भर म्हणजे नॉनटाइपेबल हिमोफिलस इन्फ्लुएंझी हा दुसरा मुख्य जंतू, याला कवचच नाही, म्हणून कवचावर बेतलेली लस त्याच्यावर चालतच नाही. मग त्याच्या अंगावरचं प्रोटीन डी लसीत वापरून बघितलं, २००६ मध्ये चेक आणि स्लोव्हाक मुलांवरच्या ट्रायलमध्ये सगळे एपिसोड मिळून तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले, तेव्हा वाट आहे हे नक्की. फक्त हिमोफिलससाठी म्हणून वापरात असलेली लस मात्र अजून नाही. माझ्या मते पुढच्या पंचवीस वर्षांचं काम तिथे आहे, आणि तुझ्यासारखे कान नीट बघणारे डॉक्टर नसतील तर आमच्याकडे येणारं सॅम्पलच चुकीचं येतं, मग आम्ही लॅबमध्ये कितीही डोकं लावलं तरी उपयोग नाही.

दोघांची_आई

मी डॉक्टर नाही, शोधता शोधता इथे आले, पण हे वाचून लिहावंसं वाटलं.

माझा धाकटा दहा महिन्यांचा असताना अशाच एका ट्रायलमध्ये होता, अर्ध्या मुलांना खरं औषध आणि अर्ध्यांना तसंच दिसणारं, तशाच चवीचं नुसतं सिरप. सही करताना माझा हात थरथरत होता. नवरा म्हणाला आपल्या पोराच्या कानात पू आहे आणि आपण नशिबावर सोडतोय. पण तिथल्या डॉक्टरांनी मला स्क्रीनवर पडदा दाखवला, चांगला कोणता आणि सुजलेला कोणता हे दोन्ही कान शेजारी ठेवून दाखवलं, आणि सांगितलं की दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही किंवा कधीही बिघडला तर लगेच खरं औषध सुरू करू. दर दिवशी फोन यायचा. आमचा बरा झाला. त्याला औषध मिळालं की पाणी हे मला आजही माहीत नाही.

एकच सांगायचंय. पुढे त्या ट्रायलचं काय झालं, निकाल काय लागला, ते आम्हाला कोणी कळवलं नाही. पोरगा आता नववीत आहे. तुम्ही कधी ट्रायल केलीत ना तर शेवटी सगळ्या घरी एक पत्र पाठवा, चार ओळींचं का असेना. आम्ही पण त्यात होतो.

ग्रोमेटवाला

ईएनटी सर्जन आहे. वरच्या मॅडमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे, पण पॅराडाईज यांचा अभ्यास वाचून कोणी म्हणू नये की ट्यूब म्हणजे उगाचच. तो अभ्यास एरवी निरोगी असलेल्या मुलांवर होता. टाळू फाटलेलं मूल, डाउन सिंड्रोमचं मूल, ज्याचं ऐकणं आधीच कमी आहे असं मूल, यांना तो निकाल जसाच्या तसा लावायचा नाही. पॅराडाईज यांनीही तसा लावला नव्हता.

आणि सारखं सारखं कानाचं इन्फेक्शन होणाऱ्या मुलांचा प्रश्न पुन्हा वेगळा. २०२१ मध्ये पिट्सबर्गच्याच होबरमन यांच्या टीमने २५० मुलांवर ट्रायल छापली, ट्यूब विरुद्ध औषधं. दोन वर्षांत वर्षाला सरासरी १.४८ एपिसोड आणि १.५६ एपिसोड, म्हणजे फरक जवळपास नाहीच. पण औषधांच्या गटातल्या बऱ्याच मुलांना पुढे ट्यूब बसवाव्याच लागल्या, हेही त्याच पेपरमध्ये आहे. माझं वाचन असं की कोणाला ट्यूबशिवाय थांबवायचं आणि कोणाला थांबवायचं नाही हे आपल्याला अजून आधी ओळखता येत नाही. तिथे काम कर. त्या मुलांत वेगळं काय आहे ते शोधून दे, मी माझी सगळी केस पेपर्स तुला उघडून देईन.

आणखी एक. या आजाराने कोणी मरत नाही हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने फुटून वर्षानुवर्षं वाहणारे कान बघितलेले नाहीत. मास्टॉइडमध्ये (कानामागच्या हाडात) गेलेला पू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो, मी असं मूल बघितलंय. लोकसंख्येत ४ टक्क्यांहून जास्त जणांचे कान असे वाहत असतील तर जागतिक आरोग्य संघटना त्याला सार्वजनिक आरोग्याचा अतिगंभीर प्रश्न मानते. ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम आदिवासी वस्त्यांमध्ये हा आकडा कितीतरी पटीने ओलांडलेला आहे, डार्विनच्या मेन्झीस संस्थेत अमांडा लीच आणि पीटर मॉरिस यांनी त्यावर कितीतरी वर्षं घातलीत. तिथल्या बाळांच्या नाकात हे जंतू जन्मानंतर काही आठवड्यांतच ठाण मांडतात, हे त्यांच्याच टीमने महिन्यांमागून महिने बाळांचे स्वॅब घेऊन दाखवलं. गर्दीची घरं, पाण्याची सोय, धूर, हे सगळं कानात उतरतं. आजार तोच, पण एका जागी तो आठवड्यात जातो आणि दुसऱ्या जागी ऐकणं घेऊन जातो. तेव्हा किरकोळ आजार हा शब्द वापरताना कुठल्या मुलासाठी किरकोळ ते आधी विचारायचं.

मध्यकर्ण_एकवीसवर्षं

ग्रोमेटवाला सरांशी पूर्ण सहमत, मी घाईत निरोगी मुलं हा शब्द एकदाच टाकून पुढे गेले, तो ठळक लिहायला हवा होता.

आणि दोघांची आई, तुमचं पटलं. आम्ही शेवटच्या दोन अभ्यासांत पत्र पाठवलं, त्याआधीच्यांत नाही पाठवलं, आणि त्याचं कारण सांगण्यासारखं काही नाही, सुचलंच नाही. जुन्या यादीतल्या घरी आता पाठवता येईल का ते उद्याच एथिक्स कमिटीला विचारते.

ऐकू_येतं_का

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारी. थोडक्यात लिहिते. कानात पाणी असलेल्या मुलाचं ऐकणं सरासरी २५ डेसिबलच्या आसपास खाली जातं, म्हणजे बोटं कानात घालून ऐकल्यासारखं. बहिरं नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. त्यातही ते रोज सारखं नसतं, आज ऐकतंय उद्या नाही. मग शिक्षक म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात मुद्दाम करतो. माझ्याकडे असं एक मूल आलं होतं ज्याला वर्षभर बेशिस्त म्हणून मागच्या बाकावर बसवलं होतं. टिम्पॅनोमेट्रीचा (हवेच्या दाबाने पडदा किती हलतो ते मोजणारी तपासणी) ग्राफ सपाट निघाला दोन्ही बाजूंनी, म्हणजे पडदे हलतच नव्हते. त्याला पुढच्या बाकावर बसवा एवढीच चिठ्ठी मी त्या दिवशी लिहून दिली, आणि पाणी तीन महिन्यांत आपोआप गेलं.

रिसर्च करशील तर एपिसोड मोजण्याबरोबर मूल वर्गात, गडबडीत, कसं ऐकतं तेही मोज एवढीच विनंती. शांत खोलीतला ऑडिओग्राम सगळं सांगत नाही.

शेवटचंवर्ष_पेड

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री दोनदा वाचून काढलं सगळं. मॅडम, पॅराडाईज यांचे २००१ आणि २००७ चे दोन्ही पेपर काढले. दुसरा वाचताना लक्षात आलं की पहिल्या वेळी लेखकांच्या यादीत असलेली बरीच नावं दुसऱ्यातही आहेत, तीच माणसं इतकी वर्षं एकत्र राहिली. ते बघून का कोण जाणे खूप बरं वाटलं.

किरकोळ आजार म्हणणाऱ्या सिनियरना उत्तर द्यायला म्हणून बॉस्टनचा तो १९८९ चा टील, क्लाइन आणि रोस्नर यांचा अभ्यासही वाचला. तीन वर्षांपर्यंत ८३ टक्के मुलांना निदान एकदा आणि ४६ टक्क्यांना तीन किंवा जास्त वेळा. लस यायच्या आधीचे आकडे आहेत हे माहितीये, तरी. म्हणजे इतक्या मुलांच्या बाबतीत कोणीतरी ओटोस्कोप घालून हो किंवा नाही ठरवतं, आणि आमच्यासारखे दोघं शेजारी बसून वेगवेगळं ठरवतात.

मी ठरवलंय. पीजी झाल्यावर लगेच प्रॅक्टिस नाही, आधी हेच. घरी अजून सांगितलेलं नाही, या आठवड्यात सांगेन. ईएनटी विभागाच्या सरांना विचारलं की ग्रोमेटच्या लिस्टला मी आधी कान बघून लिहून ठेवू का, ते हो म्हणालेत, पालकांची संमती आणि कमिटीचं पत्र घेऊन. फक्त लिस्ट लहान असते, महिन्याला मोजकीच मुलं. मॅडम, तेवढ्याने डोळा तयार होईल का? आणि कागदावर नक्की काय काय लिहायचं?

मध्यकर्ण_एकवीसवर्षं

होईल, वेळ लागेल. लिस्ट लहान आहे तर प्रत्येक मुलाचे दोन्ही कान बघ, ऑपरेशन एकाच बाजूचं असलं तरी, आणि दुसऱ्या बाजूसाठी भुलीआधी टिम्पॅनोमेट्री करून घे म्हणजे तिकडेही ताडायला काहीतरी राहील. एक लक्षात ठेव, भुलीच्या वायूने पडद्यामागचा दाब बदलतो आणि थोडंसं पाणी असेल तर ते हलतं, म्हणून जमेल तेव्हा भूल देण्याआधी, मूल जागं असतानाही एकदा बघ, रडत असलं तरी. तुला पुढे आयुष्यभर रडणारीच मुलं बघायची आहेत.

कागदावर चार गोष्टी. पडद्याची जागा, म्हणजे फुगलेला, सरळ की आत ओढलेला. रंग. आरपार दिसतं की नाही. हवेचा फुगा दाबल्यावर हलतो का. मग पाणी आहे, नाही, किंवा सांगता येत नाही, यातलं एकच, आणि त्यापुढे किती खात्री ते शंभरपैकी. हा खात्रीचा आकडा कधी सोडू नको. सहा महिन्यांनी बघशील तेव्हा नुसतं किती चुकलो ते कळेल असं नाही, कुठे खात्रीने चुकलो ते कळेल, आणि शिकायचं तिथेच असतं.

चीर द्यायच्या आधी कागद घडी घालून नर्सकडे द्यायचा, नंतर बदलायचा नाही. तुझ्या को-रेसिडेंटलाही घेऊन जा, दोघांचे कागद वेगळे. पहिली वीस मुलं झाली की इथे लिही, मला वाट बघायला आवडेल.